बाहुलीचा बाप्तिस्मा

मुलीला, दियाला, चर्चच्या शाळेत घालायचं निधीनेच ठरवलं होतं. ती स्वतः नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. नन्सनी आपल्याला इंग्रजी शिकवलं, शिस्त लावली आणि रडल्यावर जवळ घेतलं, असं ती नेहमी सांगायची. तिच्या नवऱ्याची, मिलिंदची, काही हरकत नव्हती. इंग्लंडमधल्या रीडिंग गावाच्या त्या भागात मुलांची संख्या घटत चालली होती, वर्ग भरत नव्हते, त्यामुळे कॅथलिक नसलेल्यांनाही सहज प्रवेश मिळत होता. शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती आणि लहान होती. फाटकात उभ्या राहणाऱ्या हेडटीचर मिसेस डॉइल प्रत्येक मुलाला नावाने हाक मारायच्या. मिलिंदला तेवढं पुरे होतं. तो स्वतः देव मानत नव्हता आणि कुणाच्या देवाशी त्याचं भांडणही नव्हतं.

सात वर्षांची दिया इयर थ्रीमध्ये गेली आणि त्याच हिवाळ्यात निधी ल्युकेमियाने गेली. सगळं इतक्या झपाट्याने झालं, की नागपूरहून निधीची आई येऊन पोचली ती थेट क्रिमेटोरियममध्येच.

त्या दिवसांत शाळेने दोघांना अक्षरशः सांभाळलं. दारात जेवणाचे डबे येऊ लागले, वर 'अंडं नाही' अशी चिठ्ठी चिकटवलेली. वर्गमैत्रीण झोफियाची आई, पोलंडची, रोज संध्याकाळी दियाला आपल्या घरी नेऊन बसवायची, म्हणजे मिलिंदला ऑफिसचं काम संपवता यायचं. दियाच्या वर्गशिक्षिका मिस गॅलघर तरुण होत्या, शिकवायला लागून त्यांना फार वर्षं झाली नव्हती. त्यांनी वर्गाच्या प्रार्थनेच्या कोपऱ्यात निधीचा फोटो ठेवला, शेजारी सेलवर चालणारी मेणबत्ती. मधल्या सुट्टीत बाहेर जावंसं वाटलं नाही तर दियाने तिथे उशीवर बसावं, अशी मुभा होती. ती बरेचदा बसायची.

मिलिंदला हे सगळं कळत होतं आणि कुठेतरी टोचतही होतं. लोक इतके चांगले वागत होते, आणि त्याला मात्र कशाचंच काही वाटत नव्हतं. सकाळी उठायचं, दियाची वेणी घालायची, तिला सोडायचं, स्क्रीनसमोर बसायचं. निधीच्या अस्थी बेडरूममधल्या कपाटात, तिच्या साड्यांच्या खालच्या कप्प्यात होत्या. क्रिमेटोरियममधून मिळालेला प्लास्टिकचा डबा, वर निधीचं नाव छापलेलं. सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायच्या, "मिलिंदराव, माझ्या लेकीला कधी आणता? रामटेकला अंबाळ्याच्या तळ्यावर न्यायचंय तिला." तो म्हणायचा, "सुट्टी लागली की येतो, आई." कपाट उघडायची वेळ आली की तो नजर वर ठेवून टॉवेल ओढून घ्यायचा.

ईस्टरनंतर झोफियाची आजी वारली. सकाळच्या असेम्ब्लीत सगळ्या शाळेने तिच्यासाठी प्रार्थना केली. त्या दिवशी घरी येताना दियाने तिच्या अडखळत्या मराठीत विचारलं, "बाबा, आईच्या डोक्यावर पाणी घातलं होतं का? ती बेबी होती तेव्हा?"

"कसलं पाणी?"

"बाप्तिस्म्याचा. झोफिया म्हणते, तिच्या आजीला पाणी घातलेला होता, म्हणून ती हेवनमध्ये गेली. तिने विचारलं, तुझ्या ममला घातलेला होता का. मी म्हटलं, माहीत नाही."

मिलिंदच्या कानात इअरफोन होता, ऑफिसची मीटिंग चालू होती. "आपल्यात नसतं तसलं काही," तो म्हणाला आणि फोनवरच्या माणसाला सॉरी म्हणून पुढे बोलू लागला. दियाने पुन्हा विचारलं नाही.

मे महिन्यात मिस गॅलघर वर्गाला शेजारच्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. धर्माच्या तासाला बाप्तिस्मा हा धडा चालू होता आणि तिथे मुलांनी एका बाहुलीचा बाप्तिस्मा करायचा होता. दरवर्षीचाच कार्यक्रम तो. दोन मुलं आईबाप झाली, दोन धर्माचे आईबाप, म्हणजे गॉडपेरेंट्स, झाली, बाहुलीला पांढरी लोकरीची शाल गुंडाळली. फादर एमेका, मूळचे नायजेरियाचे, उंच आणि मोठ्याने हसणारे, यांनी बाहुलीच्या कपाळावर तीनदा पाणी ओतलं आणि विधीचे ठरलेले शब्द म्हणून दाखवले. मग मुलांना प्रश्न विचारायला सांगितले. बाहुलीला सर्दी होईल का, असं कुणीतरी विचारलं. दियाने हात वर केला.

"फादर नसले तर कोण करू शकतं?"

"चांगला प्रश्न," फादर म्हणाले. "अगदी अडचणीची वेळ असेल तर कुणीही करू शकतं. तूसुद्धा. फक्त पाणी हवं आणि शब्द बरोबर हवेत."

हे सगळं मिलिंदला नंतर कळलं. त्याच्या समोर आलं ते शनिवारी दुपारी. तो खाली भांडी घासत होता, वर फार वेळ शांतता होती. हात पुसत तो वर गेला, तर बेडरूममधलं कपाट सताड उघडं. साड्या बाजूला सारलेल्या. डब्याचं झाकण कार्पेटवर पडलेलं, आणि डब्याशेजारी शाळेची पाण्याची बाटली हातात धरून दिया गुडघ्यांवर बसलेली. डब्यातली राख ओली होऊन चिखलासारखी झाली होती. काठावरून करडं पाणी ओघळून कार्पेटमध्ये मुरलं होतं.

"मी सांडलं नाही," दिया घाईने म्हणाली. "मी हळूच—"

त्याने तिला मारलं. गालावर, जोरात. यापूर्वी त्याने तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. ती कपाटाच्या दारावर आदळली आणि तिच्या हातातली बाटली सुटली.

ती रडली नाही. गालावर हात ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. मिलिंद खाली बसला. त्याने डबा जवळ ओढला, झाकण लावायचा प्रयत्न केला, पण आट्यांमध्ये ओली राख अडकली होती, झाकण बसेना. शेवटी त्याने तो नाद सोडला.

"चर्चमधलं पाणी आहे ते," दिया खाली बघत म्हणाली. "दाराजवळ बाऊल असते ना, तिथली. मी शब्दपण म्हटले, सगळे. फादर म्हणाले, कोणीपण करू शकतं." मग तिने मान वर केली. "बाबा, लेट झालं तर चालतं का? ते मी त्यांना विचारायला विसरले."

मिलिंदने तिला जवळ ओढलं. ती आली, पण अंग ताठ ठेवून आली. तिच्या गालावर त्याची बोटं उमटत होती.

सोमवारी तो शाळेत गेला तो भांडायलाच. मिसेस डॉइलच्या खोलीत त्याने आवाज चढवला. आम्ही तुमच्या धर्माचे नाही, हे माहीत असताना तिच्या डोक्यात हे का भरलंत? आई गेलेल्या मुलीला तुम्ही बाहुल्यांचे बाप्तिस्मे दाखवता? मिस गॅलघर भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या कशाबशा म्हणाल्या, "ती दर मधल्या सुट्टीत फोटोजवळ बसायची. मला वाटायचं, तिला बरं वाटतंय तिथे." मिसेस डॉइलनी काहीही सफाई दिली नाही. "आमचं चुकलं," त्या म्हणाल्या. "हे आमच्या लक्षात यायला हवं होतं." मिलिंदला वाटलं होतं त्या वाद घालतील. त्यांनी वाद घातला नाही, आणि त्याच्याजवळचा राग तसाच राहिला. घरी मुलीला आपण मारलं, हे त्याने सांगितलं नाही.

फादर एमेकांनी दियाशी बोलायची परवानगी मागितली. मिलिंद हो म्हणाला. दुसरं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. प्रार्थनेच्या कोपऱ्यात फादर आपले लांब पाय दुमडून जमिनीवर बसले, समोर उशीवर दिया. मिलिंद दाराशी उभा राहिला.

"माझ्या आईचं झालं का ते?" दियाने इंग्रजीत विचारलं.

फादरांनी एकदा मिलिंदकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांच्याने होणार नव्हतं, हे मिलिंदला दिसलं. "बाप्तिस्मा जिवंत माणसांचा असतो, दिया," ते म्हणाले. "पण तुझ्या आईला त्याची गरज नाही. देव तिला ओळखतो. देवाचं प्रेम पाण्यावर अवलंबून नसतं."

"मग झोफियाच्या बेबी ब्रदरला का लागतं?"

फादरांनी मग पुष्कळ काही सांगितलं. देव किती मोठा आहे, आपल्या नियमांहून किती मोठा आहे, आई कशी सुखात आहे. सगळं मनापासून सांगितलं. दियाने मान डोलावली, "थँक यू, फादर" म्हणाली आणि उशी जागच्या जागी सरळ करून ठेवली.

घरी जाताना ती मिलिंदला म्हणाली, "त्यांना माझं वाईट वाटत होतं, म्हणून ते तसं म्हणाले."

"नाही गं. त्यांना खरंच तसं वाटतं."

"आणि तुला? तुला काय वाटतं, बाबा? आई कुठे आहे?"

यावर काय बोलावं, हे त्याने निधी गेल्यापासून ठरवलेलं नव्हतं. आई तारा झाली, आई देवाघरी गेली, आई वरून बघते, हे सगळं इतरांनी तिला सांगितलं होतं आणि त्याने मध्ये तोंड घातलं नव्हतं. आज त्याला वाटलं, निदान एका माणसाने तरी हिच्याशी खरं बोलावं. तेवढं आपण हिचं देणं लागतो.

तो फुटपाथवर थांबला, तिच्या उंचीला वाकला. "मला वाटतं, आई आता कुठेच नाही," तो म्हणाला. "ती आपल्या आठवणीत आहे. पण ती स्वतः कुठे नाही. त्या डब्यातपण नाही. तिला आता दुखत नाही, भीती वाटत नाही, काहीच होत नाही. म्हणजे तुला तिची काळजी करायला नको. कळलं?"

शेजारून शाळेतली मुलं स्कूटर ढकलत गेली, एकीने तिला हाक मारली, तिने हात हलवला.

"डब्यात आई नव्हती?"

"नाही."

"मग मी पाणी घातल्यावर तू मला का मारलंस?"

मिलिंद उभा राहिला. त्याने सांगायचा प्रयत्न केला. मोठी माणसं कधी कधी, राग नव्हता तो, म्हणजे राग होता पण तुझ्यावर नव्हता. वाक्यं अर्धवट राहत गेली. दिया शांतपणे ऐकत होती, फादरांचं ऐकलं होतं तशीच. मग म्हणाली, "इट्स ओके, बाबा," आणि त्याचा हात धरून चालू लागली. त्या 'ओके'चा सूर त्याच्या ओळखीचा होता. अगदी तोच सूर तो सासूबाईंशी बोलताना लावत असे.

त्यानंतर तिने घरात काहीच विचारलं नाही. मिलिंदने एक-दोनदा विषय काढून पाहिला. 'आईची आठवण येते का?' तर ती म्हणायची, "येते," आणि पुस्तकात डोकं घालायची. त्याने माफी मागितली, तर म्हणाली, "तू सॉरी म्हटलंस ना आधीच." रात्री ती आपला दिवा आपणच बंद करू लागली. सासूबाईंचा फोन आला की छान बोलायची, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत शाळेची गंमत सांगायची, आणि सासूबाई म्हणायच्या, "पोरगी किती समजूतदार झाली हो, मिलिंदराव."

शाळेतही सगळे तेच म्हणत होते. जुलैत वर्षअखेरच्या उपासनेला, 'मास'ला, दियाने वर्गातर्फे प्रार्थना वाचली. माइकसाठी तिला स्टुलावर उभं केलं होतं. जे आपल्याला सोडून गेले त्यांच्यासाठी, असं ते वाक्य होतं. ती अडखळली नाही, तिचा आवाज कापला नाही. बाकांवरच्या आयांनी रुमाल डोळ्यांना लावले. झोफियाच्या आईने मिलिंदचा दंड दाबला. आपणही रडावं असं त्याला वाटलं, पण रडू आलं नाही. स्टुलावरच्या त्या मुलीकडे बघताना त्याला एवढंच कळत होतं, की ती कुठल्याही शब्दावर विश्वास न ठेवता वाचते आहे, आणि हे या सबंध चर्चमध्ये फक्त आपल्याला माहीत आहे.

बाहेर हिरवळीवर मुलं आइस-लॉली खात होती. मिस गॅलघर त्याच्याजवळ आल्या. मे महिन्यापासून त्या त्याच्याशी जपून बोलत.

"तुम्हाला एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "रिसेप्शनच्या छोट्यांच्या वर्गात एक नवीन मुलगी आलीय, तिचे वडील नुकतेच गेले. ती कुणाशीच बोलत नव्हती. दिया आपणहून तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, तुझे बाबा हेवनमध्ये आहेत, तिथे त्यांना आता दुखत नाही, ते तुला बघतात. ती मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा जेवली." त्यांचा चेहरा उजळला होता. "दियाला तिची शांती मिळालीय असं मला वाटतं. मी रोज प्रार्थना करत होते तिच्यासाठी."

मिलिंद म्हणाला, "थँक यू. तुम्ही खूप केलंत तिच्यासाठी."

घरी चालत जाताना त्याने दियाला विचारलं. ती लॉलीची काडी चघळत होती, जीभ निळी झाली होती.

"त्या छोट्या मुलीला तू सांगितलंस, तिचे बाबा हेवनमध्ये आहेत म्हणून?"

"हो."

"तुला वाटतं तसं?"

"नाही," दिया म्हणाली. "पण ती रडत होती."

तिने काडी कचऱ्याच्या डब्यात टाकली, रस्ता ओलांडण्यापूर्वी शिकवल्याप्रमाणे उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं, आणि त्याच्यासाठी न थांबता एकटीच पलीकडे गेली.