आतून पडणारी थाप

टाकामावशींच्या बाथरूमच्या दारावर रोज दुपारी तीनच्या सुमाराला आतून थाप पडायची, आणि आत कुणी नसायचं.

मावशी एकाहत्तर वर्षांच्या. घरीच शिवणकाम करायच्या, म्हणून सारी गल्ली त्यांना टाकामावशी म्हणायची. दोन महिन्यांपूर्वी एक गृहस्थ पॅन्ट आखूड करायला घेऊन आला. बोलायला गोड. त्यानं प्यायला पाणी मागितलं आणि मावशी वळताच त्यांना बाथरूममध्ये ढकलून बाहेरून कडी घातली. मग सावकाश कपाट साफ केलं. लेक कामावरून येईपर्यंत साडेचार तास मावशी दार ठोकत होत्या. भरदिवसा, भरल्या गल्लीत कुणाच्या कानावर गेलं नाही.

तेव्हापासून त्या स्वयंपाकघरातल्या मोरीवरच अंघोळ उरकायच्या. लेक बाथरूममधून बाहेर आली, की मागोमाग जाऊन कडी घालायच्या, वर खुर्ची टेकवायच्या.

"आई, भास आहे तो," लेक म्हणायची. पण तीही हल्ली त्या दाराकडे पाठ करून बसत नसे.

पोलिसांनी एका मदत केंद्राचा नंबर दिला होता. तिथली समुपदेशक दर मंगळवारी घरी येऊ लागली. पहिले दोन मंगळवार तिनं दाराचा विषयच काढला नाही. शिवणाच्या गप्पा मारल्या. तिसऱ्या मंगळवारी बोलता बोलता मशीनवरचा मावशींचा पाय थांबला.

"वाजतंय," त्या म्हणाल्या.

"मला ऐकू येत नाही, मावशी. पण तुम्हाला येतंय ना. कसं वाजतंय?"

"आधी मुठीनं वाजतं. मग दमून तळहातानं. मधेच अंगठी लागते लाकडाला."

"तोच माणूस आहे का आत?"

"छे. त्याचे हात दणकट होते. ही बाई आहे. म्हातारी."

समुपदेशिकेची नजर मावशींच्या बोटाकडे गेली. अंगठी एका बाजूनं चेपली होती.

"किती दिवस झाले तिला आत?"

"दोन महिने." मावशी बोटातली अंगठी फिरवत होत्या. "आणि रोज मीच कडी घालतेय बाहेरून."

समुपदेशक दाराकडे वळली.

"उघडायचं का? आजच उघडायला हवं असं नाही."

मावशी उठल्या. खुर्ची सरकवली. कडीला हात लावला आणि थाप थांबली. दाराच्या पलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं असावं, इतकी शांतता. त्यांनी कडी काढली.

कोरडी फरशी. पालथी बादली. आत कुणी नव्हतं. तेवढ्यात एक गार, ओलसर झुळूक त्यांच्या खांद्याला घासून बाहेर गेली, कुणी घाईनं निघून जावं तशी.

मावशी तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा रडल्या. समुपदेशक त्यांच्या शेजारी फरशीवर बसून राहिली. समजूत घालायला गेली नाही.

मंगळवार पुढं पाच महिने चालले. तो माणूस काही सापडला नाही. मावशी पुन्हा बाथरूममध्ये अंघोळ करू लागल्या. दार जरासं उघडं ठेवून, बाहेर लेकीला बसवून. कडी त्यांनी सुताराकडून काढून घेतली.

एखाद्या दुपारी अजूनही थाप पडते. दार तर उघडंच असतं. मावशी सुई कापडात टोचून ठेवतात, "आले गं" म्हणतात आणि बघायला जातात.