आतून लावलेलं दार

एका बाजूने झिजलेली, टोकाकडे राखाडी पडलेली ती रबरी पाचर तिने दाराखालून ओढून काढली, आणि हातात आल्यावर मग तिच्या लक्षात आलं की ही कुठल्याही लॉजमधली खोली नव्हे, ही घरातली खोली आहे, पलीकडे बाबा खोकतायत आणि धाकटी बहीण डबा भरतेय... म्हणजे कालही लावलीच होती. झोपताना चांगलं ठरवलं होतं, आज नाही लावायची. हातांनी आपलं आपणच उरकलं असणार. सवय—दुसरं काय, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पाचर चोरीच्या मालासारखी उशीखाली सारली.

जवळजवळ वर्षभराने ती घरी आली होती. तिची प्रवासी कंपनी मंडळींना सहलीला नेते, पण त्याआधी ती एकटी जाऊन येते—गाद्या दाबून बघते, नळ सोडून बघते, उशांचा वास घेते, आणि सगळ्यात आधी कडी. कडी लागते का, आणि लागलीच तर बाहेरच्या धक्क्याला टिकते का. ऑफिसात तिला कडीबाईच म्हणतात. कडीबाईंनी पास केलेली खोली म्हणजे तिजोरी, असं साहेब गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगतात. घरात मात्र एकाही खोलीची कडी धड नव्हती. बाबांच्या खोलीची तर गंजून जागच्या जागी बसलेली. इथे कोणी दार लावतच नाही. दोघंही बिनदिक्कत कुठल्याही खोलीत शिरतात, काहीतरी शोधतात, निघून जातात, आणि दर वेळी ती दचकते.

"आज मला यायला उशीर होईल गं, ताई," धाकटी चप्पल घालताना म्हणाली. "बाबांना दुपारची गोळी दे. आणि झोपेतून उठताना चक्कर येते त्यांना, एकटं उठू देऊ नकोस. जमेल ना?"

"न जमायला काय झालं? मी परक्या मुलखात एकटी हिंडते."

"तेच तर. तिथे एकटी असतेस." धाकटी हसली, पण दारातून हलली नाही. "आणि ते... संध्याकाळी सांगशील ना? उद्या कळवायचंय मला."

ते म्हणजे प्रशिक्षण. धाकटी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. एका मोठ्या संस्थेतलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण तिच्या पदरात पडलं होतं, तेही दूरच्या शहरात. ताई जगभर भटकत होती त्या सगळ्या वर्षांत धाकटी बाबांना सोडून कुठे गेली नव्हती. आता पहिल्यांदाच निघायचं म्हणत होती, आणि त्यासाठी ताईने सहा महिने पाय घरात ठेवायला हवा होता. मागणं रास्त होतं. इतकं रास्त, की नाही म्हणायला तोंड नव्हतं. तिकडे साहेबांचा पुढच्या दौऱ्याचा धोशा चालूच होता, आणि ती दोघांनाही बघते, बघते म्हणत होती.

दुपारी तिने गोळी दिली, बाबांच्या अंगावर चादर घातली, ते झोपलेत हे नीट पाहिलं. मग आपल्या खोलीत येऊन तिने पलंगावर पुढच्या दौऱ्याचा नकाशा पसरला. वाऱ्याने दार आपटेल म्हणून—हे कारण तिने स्वतःलाच दिलं—पाचर दाराखाली बसवली. आता बरं वाटलं. नकाशावर बोट फिरवत राहिलं की तिला नेहमीच बरं वाटतं. इथून रेल्वे, तिथून बस, मग तो घाट... तिकडे कोणी मला ओळखत नाही, कोणी माझ्या भरवशावर झोपत नाही. माझ्याकडून कोणाला काही नको असतं, खोलीचं भाडं सोडलं तर. लोक म्हणतात, काय धाडस आहे पोरीचं. धाडस कसलं? मला घराची भीती वाटते. हे सांगायचं तरी कोणाला, ऐकणारा वेड्यातच काढेल.

ती खोलीही अशीच होती, दोन दौऱ्यांपूर्वीची. अशीच दुपार, सगळं लॉज जेवून सुस्तावलेलं. दारावर टकटक झाली, तिने कोण म्हणून विचारलं, उत्तर आलं नाही. मग दाराची मूठ फिरली. अर्धी फिरून थांबली. दाराखालच्या फटीत दोन बुटांची सावली होती, ती हलेना... ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, आपल्या पावलांची सावली बाहेर दिसू नये म्हणून, आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती, नाकाचा आवाज होतो म्हणून. किती वेळ, कोण जाणे. मग ती सावली निघून गेली. काही झालं नाही. काहीच झालं नाही म्हणून तिने हे कोणाला सांगितलंही नाही. काय सांगणार, एक माणूस दाराशी उभा होता आणि गेला? तेव्हापासून मात्र टकटक झाली की ती उत्तर देत नाही. येणारा कंटाळून परत जाईपर्यंत खोलीत कोणी नसतंच.

टक्. टक्.

पाय तिने कधी वर घेतले हे तिला कळलंच नाही. गुडघ्याखाली नकाशा चुरचुरला तशी तिने तेवढीही हालचाल थांबवली. तोंड उघडं. पुन्हा टकटक—हळू, दमानं, आणि दर ठोक्यात धातूचा बारीक आवाज. अंगठी. बाबा अंगठीच्या बोटाने दार वाजवतात. ती लहान होती तेव्हापासून, न्हाणीघराचं दार, अभ्यासाच्या खोलीचं दार, रुसून बसायची ते दार.

बाबा आहेत हे तिला कळलं. कळलं, आणि तरी तिने पाय खाली सोडले नाहीत.

दार जरासं ढकललं गेलं, पाचरीवर अडलं. फटीत सावली होती. जा, असं ती मनात म्हणत होती—हो, आपल्या जन्मदात्या बापाला—जा, जा, इथे कोणी नाही. सावली सरकली. सपातांची घसट भिंतीच्या कडेकडेने गेली, आणि मग काहीतरी जड खाली बसल्याचा आवाज आला.

तेव्हा ती उठली. दार ढकललं गेल्यामुळे पाचर इतकी घट्ट रुतली होती की नखांनी निघेना, आणि ती तिथे गुडघ्यांवर बसून बाबा, बाबा म्हणत होती, आता, सगळं झाल्यावर.

बाबा बोळात चपलांच्या कपाटाला टेकून जमिनीवर बसले होते. ओठ पांढरे, कपाळावर घाम, एक सपात लांब पडलेली. तिने पाणी आणलं, मान सावरून पाजलं, पदराने वारा घातला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"काही नाही गं. जरा गरगरलं. तू झोपली होतीस ना?"

"हो. डोळा लागला होता."

"वाटलंच. म्हणून हाक नाही मारली. दचकतेस तू."

ते बोलत होते तेव्हा त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली होती. मागे दार सताड उघडं होतं, पलंगावर नकाशा होता, आणि उशी भिंतीशी उभी, डोकं न टेकलेली. मान वळवून बघायचं तिचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी धाकटी आली ती नवी कोरी बॅग ओढतच. "अजून काही ठरलं नाहीये, मला माहितीये," ती घाईघाईने म्हणाली, "नको असेल तर दुकानदार परत घेणार आहे. पण चाकं बघ ना, ताई. तुला कळतं यातलं." आणि मग, "दिवस कसा गेला? त्रास दिला का बाबांनी?"

"ही होती ना घरात," बाबा म्हणाले. "मला काय धाड भरलीय?"

ताईने बॅग आडवी केली. चाकं फिरवून पाहिली, चेन पुढे-मागे ओढली, मूठ वरखाली केली. बॅग चांगली होती. आता सांगावं, आत्ताच सांगून टाकावं—मी जागी होते, मी उघडलं नाही, माझ्या भरवशावर कोणाला ठेवू नकोस... पण धाकटी तिच्या तोंडाकडे परीक्षेचा निकाल ऐकायला उभी असल्यासारखी बघत होती, आणि ताईच्या तोंडून एवढंच निघालं, "चाकं मजबूत आहेत." धाकटी खुशीत चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली.

खोलीत दोघंच उरली. बाबा बोटातली अंगठी फिरवत बसले होते.

"उद्यापासून मी हाक मारत जाईन," ते हळूच म्हणाले, तिच्याकडे न बघता. "नुसतं दार नाही वाजवणार."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं झालं असतं. ते तिला सांभाळून घेत होते, परक्या घरात राहणारा माणूस यजमानाच्या कलाने घेतो तसे, आणि तिला दिसलं की ते घाबरलेत. सहा महिने या मुलीच्या हाती राहायचंय, आणि धाकटीला मात्र हे कळू द्यायचं नाही.

"मग ताई," आतून धाकटीने विचारलं, "कळवू ना होकार?"

तिने उत्तर द्यायच्या आत बाबाच म्हणाले, "कळव गं, कळव."

आत भांड्यांचा आवाज सुरू झाला, धाकटी काहीतरी गुणगुणायला लागली. ताई बॅगेची मूठ धरून तशीच उभी राहिली. उद्या दुपारी बाबा हाक मारतील. तिच्या घरातल्या नावाने, जे बाहेर कोणालाच माहीत नाही. मला ओळखू येईल, एका क्षणात ओळखू येईल. पण आजही मी ओळखलंच होतं.