सल्ला न देणाऱ्यांची सभा

घरातून निघताना अध्यक्षबाईंनी वडिलांना शब्द दिला होता, की आजचा गुरुवार शेवटचा. आज पदातून मोकळी होऊनच येते. वडिलांनी नुसतं "हं" केलं. हाच शब्द त्यांनी मागच्या वर्षी ऐकला होता आणि त्याच्या आदल्या वर्षीही.

वडिलांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारे ते डोळे आता दोन्ही गेले होते. गुरुवारच्या पुरवणीत मोठं शब्दकोडं येतं. ते बाईंनी वाचायचं आणि वडिलांनी डोक्यात सोडवायचं, एवढीच त्यांची आठवड्याची चैन. आणि नेमक्या गुरुवारी संध्याकाळी बाई शाखेच्या सभेला. "उद्या वाचते ना," असं बाईंनी एकदा सांगून पाहिलं होतं. वडील म्हणाले होते, "उद्या उत्तरं छापून येतात. मग त्याला कोडं कशाला म्हणायचं?" वाद घालायला जागाच नव्हती.

ही शाखा कोचिंग करणाऱ्यांच्या संघटनेची. कोचिंग म्हटलं की लोकांना शिकवण्या आठवतात, नाहीतर शिट्टी फुंकणारा मैदानावरचा माणूस. हे कोच वेगळे. नोकरीत अडकलेला, धंद्यात गांगरलेला माणूस यांच्यासमोर येऊन बसतो आणि हे त्याला प्रश्न विचारतात. सल्ला म्हणून द्यायचा नाही. उत्तर ज्याचं त्याच्याकडूनच निघालं पाहिजे, हा धंद्याचा पहिला नियम. नियम चांगला आहे, पण सव्वीस जण तो घेऊन एका खोलीत बसले की साधी खिडकी उघडायलाही पाऊण तास लागतो.

त्या दिवशी तर खिडकीपेक्षा मोठं काम होतं. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं होतं: आजच्या सभेत नवा अध्यक्ष ठरला नाही, तर शाखा बंद आणि सभासद शेजारच्या शहरातल्या शाखेत वर्ग. शेजारचं शहर दोन तासांवर. तिथे कुणी जाणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ही माणसं दिवसभर एकेकटी काम करतात, दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकतात. "काल माझं एक सत्र पार बिघडलं," असं त्यांनी म्हणायचं तरी कुणाला? त्यासाठी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ही एकच खोली होती. आणि पदाची मुदत संपून दोन वर्षं उलटली तरी बाई पद ओढत होत्या, ते ही खोली टिकावी म्हणूनच.

बाईंनी पत्र वाचून दाखवलं आणि शाखेच्या रीतीप्रमाणे विचारलं, "अध्यक्षपदाबद्दल कुणाच्या मनात काही येतंय का?"

सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मग दंतवैद्य बोलले. सकाळी दात काढायचे आणि संध्याकाळी कोचिंग करायचे, असा त्यांचा दिनक्रम. ते म्हणाले, "ही शांतता आपल्याला काय सांगतेय?"

"छान प्रश्न," सचिवबाई म्हणाल्या आणि त्यांनी तो फळ्यावर लिहिला. "मी त्यात थोडी भर घालू? मुळात अध्यक्ष म्हणजे आपल्यासाठी कोण?"

तोही फळ्यावर गेला. मग कुणी विचारलं, आपल्याला भीती कशाची वाटतेय. कुणी विचारलं, ही भीती आपल्यातली किती जुनी आहे. पाऊण तासात फळा भरला. प्रश्न एकाहून एक सरस होते, आणि अंग काढून घ्यायला प्रश्नासारखी सोय नाही. बाई घड्याळाकडे पाहत होत्या. आठला खोली सोडायची होती. साडेसातलाच वाचनालयाच्या शिपायाने दार किलकिलं करून किल्ल्या वाजवल्या होत्या.

किल्ल्या वाजल्या की मागच्या रांगेतले मास्तर उठायचे आणि रिकाम्या खुर्च्या मिटायला लागायचे. मास्तरांनी पंचवीस वर्षं मोटार चालवायला शिकवलं. स्वतःच्या पायाखाली दुसरा ब्रेक ठेवून नवशिक्यांच्या शेजारी बसले. आता रीतसर परीक्षा देऊन कोच झाले होते. सभेत फारसं बोलायचे नाहीत. सभेआधी खुर्च्या मांडायचे, नंतर मिटायचे, आजाऱ्याला फोन करायचे, न आलेल्याची चौकशी करायचे. कागदोपत्री त्यांच्याकडे कुठलंही काम नव्हतं.

"मॅडम, तुम्हाला स्वतःला आत्ता काय वाटतंय?" दंतवैद्यांनी बाईंना विचारलं.

बाईंचा तोल गेला. "मला प्रश्न नकोत हो! मला माणूस हवाय. माझे वडील घरी वाट बघतायत. तीन वर्षं झाली, मी त्यांना उद्याचं सांगतेय." आवाज चढला होता, त्याची लाज वाटली; पण आता मागे फिरणं नव्हतं. त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही व्हाल का अध्यक्ष?"

खोलीत चुळबूळ झाली. असं एखाद्याला थेट धरायची शाखेत पद्धत नव्हती. सचिवबाईंचा खडू फळ्यापाशी थांबला.

"होतो की," मास्तर म्हणाले.

"नाही, म्हणजे तुम्हाला विचार करायला वेळ..."

"तीन वर्षं केला, मॅडम." मास्तरांनी हातातली खुर्ची भिंतीला टेकवली. "तुम्ही नव्यानं अध्यक्ष झालात तेव्हा खाली जिन्यात मी म्हटलं होतं, मला काहीतरी काम द्या. आठवतंय?"

बाईंना आठवत होतं, तेच तर वाईट होतं.

"तुम्ही म्हणालात, यातून तुम्हाला नेमकं काय हवंय? मी घरी जाऊन आठवडाभर डोकं खाजवलं. मला तर काही नकोच होतं. मग बायको म्हणाली, अहो, त्यांना तोंडावर नाही म्हणायला जड जातंय, तुम्ही समजून घ्या. मी समजून घेतलं. खुर्च्या लावायला लागलो. त्याला कुणी काही विचारत नाही."

कुणीतरी हसलं. बाईंना मात्र आपला तो प्रश्न शब्दन् शब्द आठवत होता. त्या दिवशी घरी जाताना त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं होतं, की बघा, जिन्यात उभ्या उभ्याही आपल्याला किती नेमका प्रश्न सुचतो. आणि तेव्हापासून त्या घरीदारी एकच रडगाणं गात होत्या, की इथे कुणी पुढेच येत नाही. पुढे आलेल्या माणसाला त्यांनीच जिन्यातून परत पाठवलं होतं.

"चुकलंच माझं, मास्तर," त्या म्हणाल्या.

"असू द्या हो. पण मला पत्रव्यवहार वगैरे काही येत नाही."

"त्याबद्दल तुम्हाला नेमकं काय..." सचिवबाईंनी सुरुवात केली.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "बसून, कागदावर लिहून, एकेक सांगते."

सल्ला देण्याची अशी जाहीर कबुली त्या खोलीत पूर्वी कुणी दिली नव्हती. पाच मिनिटांत सव्वीस हात वर झाले. मास्तरांनी गडबडीत स्वतःसाठीच हात वर केला होता. शिपायाने पुन्हा किल्ल्या वाजवल्या तेव्हा मुख्य कार्यालयाला उत्तर गेलंही होतं.

पुढच्या गुरुवारी बाई शाखेचं कपाट आणि किल्ली सोपवायला सहापूर्वीच पोचल्या. वरच्या खोलीत निम्मी शाखा उभी होती. खुर्च्या भिंतीला मिटलेल्या तशाच. मास्तर पुढच्या टेबलापाशी कागद लावत होते आणि सगळे खुर्च्यांकडे पाहत होते. आता याचं काय करायचं, हा प्रश्न दंतवैद्यांच्या ओठांवर आलाच होता.

बाईंनी पर्स ठेवली, पदर खोचला आणि पहिली खुर्ची उचलली.

"ती ठेवा खाली," मास्तर म्हणाले. मग आवाज जरा चढवून, "डॉक्टर, तुम्ही या बाजूच्या चार घ्या. सचिवबाई, तुम्ही त्या चार. खिडकी उघडा कुणीतरी." तिघं एकदम खिडकीकडे धावले. दंतवैद्य दोन्ही काखांत खुर्च्या मारून चालले होते आणि चक्क खूश दिसत होते.

"मी थांबते ना, पहिलीच सभा आहे तुमची," बाई म्हणाल्या.

"ब्रेक आहे माझ्या पायाखाली. तुम्ही घरी जा."

बाईंना कित्येक वर्षांत कुणी असं सरळ काही सांगितलं नव्हतं. त्या घरी गेल्या.

दार उघडल्याचा आवाज आला तसे वडील खुर्चीत सावरून बसले. "आज गुरुवार ना?"

"हो, बाबा."

"मग तू इकडे कशी?"

"आमच्या अध्यक्षांनी घरी पाठवलं."

वडिलांनी मांडीवर चाचपून, सकाळपासून घडी न मोडलेली पुरवणी काढली आणि पुढे केली.

"बरा दिसतोय माणूस," ते म्हणाले. "वाच. आडवं एक."