ओकखालचा हिरवा बाक

मी बाक बोलतोय. अलाबामातल्या कृष्णवर्णीयांच्या एका कॉलेजात, ओकच्या झाडाखाली माझा मुक्काम. इथल्या एका बंधुसंघाच्या, म्हणजे एकमेकांना भाऊ मानणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या, पहिल्या पोरांनी मला स्वतः ठोकून बनवलं. सुतारकाम त्यांच्यापैकी कुणालाच येत नव्हतं, हे मला बघितलं की कळतं.

जन्म बसण्यासाठी, पण आयुष्य गेलं "ए, ऊठ तिथून!" ऐकण्यात. माझ्यावर बसायचं ते फक्त संघाच्या भावांनी. इथे सत्तरीतला म्हाताराही 'भाऊ'च.

पोरं मला दरवर्षी रंगवतात आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला ओडेलभाऊ येऊन नाक मुरडतात. निवृत्त पोस्टमन, विजारीला कडक इस्त्री. "हा हिरवा? ही तर करपलेली कॉलर्डची पालेभाजी!"

पुढे संघातली पोरं कमी होत गेली. एकटा ट्रेमेन उरला. नवीन कुणी आलं नाही तर संघाची इथली शाखा बंद, असं कॉलेजने कळवलं.

त्या वर्षीच्या मेळाव्यात बाकीचे संघ रांगा धरून, पाय आपटत नाचले. मग ट्रेमेन एकटाच उतरला.

"तू आणि हे बाकडं, एवढीच का रे तुमची शाखा?" पलीकडून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

ट्रेमेनने ताल धरला, हाक दिली, "कोण आहे रे इथे?" याला मागच्या रांगेने उत्तर द्यायचं असतं. रांगच नव्हती. त्याने पुन्हा हाक दिली. आवाज चिरकला.

"आम्ही आहोत!" माझ्यावर बसलेले ओडेलभाऊ गरजले आणि उठले.

"ओडेल, गुडघा नवा बसवलाय तुझा! बस खाली!" त्यांची बायको व्हर्डेल करवादली.

"नवा आहे म्हणूनच उठतोय. जुना असता तर बसलो असतो."

मग एक दंतवैद्य उठले, एक पाद्री, एक बसचालक, सगळे संघाचे जुने भाऊ. तळलेल्या माशांच्या ताटल्या माझ्यावर ठेवून सगळे रांगेत. ताल ज्याच्या त्याच्या जवानीतला! ओडेलभाऊ मध्येच डावीकडे झोकांडले, सावरले, नाचत राहिले. हसणारी पोरं टाळ्या वाजवू लागली. संध्याकाळी त्यांतली काही ट्रेमेनपाशी आली. "आम्हाला घेशील?"

"आधी गुडघे दाखवा," ओडेलभाऊ म्हणाले.

त्याच हिवाळ्यात ते गेले. शाखा टिकली.

नवे भाऊ माझ्यासमोर सराव करतात. एका ठिकाणी अख्खी रांग डावीकडे झोकांडते आणि सावरते. हे पाऊल संस्थापकांपासूनचं आहे, असं पोरं छाती फुगवून सांगतात. ट्रेमेन दुसरीकडे बघतो, बोलत काहीच नाही. तुम्हीही, कृपा करून, बोलू नका.