दोरीमागची पोत्कुरी

मी एक जुनी पोत्कुरी आहे, म्हणजे बर्फावर पायाने रेटत न्यायची घसरगाडी. नाव ऐकून हसू नका, मित्रांनो. आमच्याकडे घरोघरी पायरीपाशी माझी एखादी बहीण उभी असते. बसायला एक लाकडी आसन, त्यामागे धरायला दांडा आणि खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या, एवढाच माझा पसारा. एक पाय पट्टीवर ठेवायचा, दुसऱ्याने बर्फाला मागे रेटायचे, की मी निघाले. मला पेट्रोल लागत नाही, वीज लागत नाही, चारा लागत नाही. मला फक्त बर्फ लागतो आणि एक माणूस लागते. मागच्या हिवाळ्यात बर्फ होता आणि माणूसही होते. मी मात्र एका काचेच्या इमारतीत, उबदार फरशीवर, दोरीमागे उभी होते. त्या हिवाळ्याचा राग अजून माझ्या खिळ्याखिळ्यात आहे. तो आज तुमच्यापुढे काढणार आहे, तेवढा ऐकून घ्या.

माझा जन्म फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या लोहारशाळेत झाला. लोहाराने माझ्या पट्ट्या पुन्हा पुन्हा वाकवून पाहिल्या आणि बर्चच्या लाकडाचे आसन गुडघ्यावर घेऊन घासले. मला विकत घेतले ते गावच्या विमा संस्थेने. तेव्हा ती संस्था म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि दोन माणसे. गावातल्या शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन ती काढली होती. एकाचे घर जळले की सगळ्यांनी मिळून ते उभे करायचे, असा साधा हिशेब होता. तिथे इंपी नावाची तरणीताठी मुलगी नोकरीला लागली आणि मी तिच्या हाती आले.

काय दिवस होते ते! तळे गोठले की आम्हा दोघींना रान मोकळे. इंपी माझ्या आसनावर कागदांची पिशवी बांधायची आणि तळ्यावरून सरळ रेषेत या काठाहून त्या काठाला जायची. कुणाचे धुराडे तपासायचे, कुणाच्या जळालेल्या गोठ्याची पाहणी करायची. माझ्या पट्ट्यांचा खरखराट ऐकला की घरातली बाई कॉफीचे भांडे चुलीवर चढवायची. ओस्मो नावाचा एक शेतकरी होता. त्याचे वाफेने अंग शेकायचे सॉनाघर सारखे जळायचे.

"ओस्मो, खरं सांगा," इंपी राखेत उभी राहून विचारायची, "तुम्ही सॉनात अंग शेकता की सॉनाच शेकता?"

"यंदा वारा फार होता, बाई."

"मागच्या खेपेलाही वाराच होता. वाऱ्याचा वेगळा विमा काढून देऊ का?"

ओस्मो हसला नाही. त्याने इंपीच्या कपात आणखी कॉफी ओतली. आमच्याकडे त्यालाच हसणे म्हणतात.

पुढे संस्था वाढली. म्हणजे आमची संस्था शेजारच्या संस्थेत गेली, ती जिल्ह्याच्या संस्थेत गेली, आणि असे करता करता विमा आणि निवृत्तिवेतन दोन्ही सांभाळणारा एक मोठा समूह झाला. त्याने तळ्याकाठी काचेची इमारत बांधली. इंपीला मोटार मिळाली आणि मला अडगळ. जुने कार्यालय रिकामे करताना मला मोडक्या खुर्च्यांबरोबर भंगाराच्या ढिगावर टाकले. इंपी निवृत्तीला आली होती. ती ढिगापाशी थांबली, मला ओढून काढले आणि म्हणाली, "हिला मी नेते." कुणी मान वर करूनही पाहिले नाही. त्या दिवसापासून मी इंपीची झाले. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे जण हेच विसरले.

इंपीला एक धाकटी बहीण आहे, साइमी. म्हातारपणी साइमीची स्मृती विरत गेली आणि ती तळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या वृद्धाश्रमात राहायला गेली. रस्त्याने जायचे तर अख्ख्या तळ्याला वळसा पडतो, आणि तिकडे जाणारी बस केव्हाच बंद झाली. शिवाय माणसे घसरू नयेत म्हणून पालिका हिवाळ्यात रस्त्यांवर बारीक खडी पसरते, आणि खडीवर माझ्या पट्ट्या जागच्या हलत नाहीत. म्हणून ऐंशी ओलांडलेली इंपी हिवाळाभर रोज माझा दांडा धरून गोठलेल्या तळ्यावरून बहिणीकडे जायची. तिच्या कमरेला माझा आधार होता. साइमी चेहरे विसरली, नवऱ्याचे नाव विसरली, पण माझ्या पट्ट्यांचा आवाज विसरली नाही. आम्ही काठावर चढायच्या आत ती खिडकी उघडून ओरडायची, "इंपी आली! कॉफी टाका!" मग तासभर ती पुन्हा इंपीची बहीण असायची. मित्रांनो, एवढ्यासाठी जन्माला आले असते तरी मला पुरले असते.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर तेर्ही आमच्या दारात आली. ती समूहाच्या पर्यावरण विभागाची प्रमुख. पोरगी मनाने वाईट नाही, हे आधीच सांगते. समूह दरवर्षी एक अहवाल काढतो. लोकांचे पैसे कुठे गुंतवले, त्यांवर काय मिळवले, किती धूर कमी केला, किती जंगल राखले, असे सगळे त्यात असते. त्या अहवालाच्या मुखपृष्ठासाठी तेर्हीला माझा फोटो हवा होता.

"एका दिवसापुरती द्याल का?" तिने विचारले.

"एका दिवसापुरती ना? ने की," इंपी म्हणाली.

फोटो छान आला. इतका छान आला की साहेब लोकांनी मला प्रवेशदालनातच ठेवून घेतले. माझ्याभोवती लाल दोरी बांधली आणि शेजारी पाटी लावली, 'आमचे पहिले वाहन. तेव्हापासून शून्य धूर.' मी धूर सोडत नाही हे खरे आहे. पण उभी असलेली मोटारही धूर सोडत नाही! मी धावायची, म्हणून माझे कौतुक होते ना? येणारेजाणारे दोरीपलीकडून वाकून बघायचे, माझ्याबरोबर फोटो काढायचे आणि मोटारीत बसून निघून जायचे. दर शुक्रवारी एक माणूस माझ्या पट्ट्यांना तेल लावायचा. तेल लावलेल्या पट्ट्या घेऊन मी फरशीवर काय करू?

दाराबाहेरची गंमत तर आणखीच. संगणकांच्या खोलीतली उष्णता वाया जाऊ नये म्हणून ती दारापुढच्या फरसबंदीखाली खेळवली होती. तिथे पडलेला बर्फ लगेच वितळायचा. अहवालात या करामतीला अख्खे पान दिले होते. म्हणजे आत पोत्कुरीचा गौरव, आणि बाहेर पोत्कुरी ढकलता येऊ नये अशी चोख व्यवस्था.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. तो इंपीवर आहे.

दर आठवड्याला इंपी त्या दालनात यायची. बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना काटे लावून, हळूहळू, भिंतीच्या आधाराने. माझ्याशेजारी बसायची आणि तिथल्या यंत्राची पाणचट कॉफी प्यायची. बोलायची मात्र काही नाही. 'मला माझी पोत्कुरी परत द्या', एवढे म्हटले की काम झाले असते. पण आमची माणसे! मागणे म्हणजे दुसऱ्याला त्रास देणे, आणि त्रास देण्यापेक्षा मोडलेली कंबर बरी, असे ती मानतात. इंपी वाट बघत होती, की कुणीतरी आपणहून विचारेल. आणि तेर्हीला वाटत होते, की म्हातारीला आपल्या जुन्या नोकरीच्या आठवणी काढत बसायला आवडते. म्हणून तिने इंपीसाठी तिथे एक मऊ खुर्ची आणून ठेवली.

"तुम्ही आलात की बरं वाटतं बघा," ती एकदा म्हणाली.

"मला तुम्ही म्हणू नकोस. मी अजून मेले नाही."

"बरं, तू आलीस की बरं वाटतं. तुझी पोत्कुरी इथे शोभते, नाही?"

"हं," इंपी म्हणाली.

त्या 'हं'चा अर्थ होता, 'आता तरी विचार.' तेर्हीला तो 'हो' वाटला. ती खूश होऊन निघून गेली. मी मनातल्या मनात ओरडत होते, अगं बोल! तोंड दिलंय ना तुला? मला असतं तर छप्पर उडवलं असतं! पण इंपीने कप धुऊन जागेवर ठेवला आणि काट्यांचे बूट टकटक वाजवत गेली.

साइमीकडे ती आता शेजाऱ्याच्या मोटारीने जायची, तेही त्याला सवड असेल तेव्हा. एकदा माझ्याशेजारी बसून ती हळूच म्हणाली, "काल साइमीनं मला बाई म्हटलं. म्हणाली, बाई, कोट तिथं काढून ठेवा, माझी बहीण येईल एवढ्यात. मी तिच्यासमोर बसून होते गं." मग तिने माझ्या दांड्यावरून हात फिरवला. बाहेर तळे काठापासून काठापर्यंत गोठलेले दिसत होते. असा कडक, गुळगुळीत बर्फ मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी तो काचेतून पाहत होते.

अहवाल प्रकाशित व्हायला एप्रिल उजाडला. दालनात खुर्च्या मांडल्या, वेलदोड्याचे गोड पाव आले, पाहुणे आले. इंपीला पहिल्या रांगेत बसवले. समूहाचा मुख्याधिकारी युर्की बोलायला उभा राहिला. वर्ष चांगले गेले, गुंतवणुकीवर भरपूर मिळाले, लोकांची निवृत्तिवेतने सुरक्षित आहेत, पवनचक्क्या वाढल्या, इमारतीचा धूर घटला. हे सगळे खरेच असेल. मला त्याचे वाईट वाटायचे काहीच कारण नाही, कारण इंपीच्या घरची चूलही त्याच निवृत्तिवेतनावर पेटते. पण मग त्याने माझ्याकडे हात केला.

"शाश्वतता म्हणजे काय, हे सांगायला मला आकडे लागत नाहीत," तो म्हणाला. "ही पोत्कुरी बघा. इतक्या वर्षांनंतरही वापरात असलेली वस्तू!"

"वापरात?" इंपी म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण आमच्याकडे भाषणाच्या मध्ये कुणी बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. इंपी खुर्चीला धरून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"वापरात असेल, तर मी नेऊ का तिला?"

काही जण हसले. इंपी हसली नाही, तसे तेही गप्प झाले. तेर्ही पुढे आली.

"नेऊ म्हणजे... घरी?"

"साइमीकडे. बहिणीकडे. रोज जायचे मी हिच्यावरून."

"मग एवढे महिने बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"मला वाटलं, तुला इथे बसायला आवडतंय."

"मला वाटलं, तुला कळतंय."

युर्की घसा खाकरून म्हणाला, "कार्यक्रम संपला की आपण सविस्तर..." पण तेर्हीने लाल दोरी काढून त्याच्या हातात दिली. तो ती धरून तसाच उभा राहिला.

इंपीने मला दाराबाहेर ढकलले आणि मी अडले. ती कोमट, कोरडी फरसबंदी! माझ्या पट्ट्या अशा किंचाळल्या की आतल्या पाहुण्यांनी कानांत बोटे घातली. शेवटी तेर्हीने मला उचलून छातीशी धरले आणि उंच टाचांच्या बुटांत धडपडत तळ्याच्या काठापर्यंत नेले. इंपी मागून आली. तळ्याकडे पाहून दोघी थांबल्या.

बर्फ विरघळत येऊन काळा पडला होता. काठालगत पाण्याचा रुंद पट्टा हलत होता. पलीकडचा काठ, वृद्धाश्रमाचे लाल छप्पर, सगळे स्वच्छ दिसत होते.

"गेला," इंपी म्हणाली आणि माझ्या आसनावर बसली.

"मी सोडते ना तुला मोटारीनं. आत्ता. रोज सोडीन."

"मोटारीच्या आवाजानं ती मला ओळखत नाही, पोरी."

तेर्ही ढसाढसा रडली. मला दया आली, पण रागही आला. हे डोळे आधी उघडले असते तर? आणि इंपीचे तोंड आधी उघडले असते तर? दोन भल्या बायकांनी एकमेकींचा मान राखता राखता माझा एक हिवाळा खाल्ला. साइमीकडे असे कितीसे हिवाळे उरले होते? समूहाने मात्र तेर्हीचा मला उचलून नेतानाचा फोटो आपल्या संकेतस्थळावर टाकला. त्याखाली लिहिले होते, 'वारसा पुन्हा लोकांकडे.' तो फोटो पुष्कळांना आवडला म्हणतात.

उन्हाळा आणि पानगळ मी इंपीच्या पायरीपाशी काढली. तेर्ही शब्दाला जागली. ती इंपीला मोटारीने नेत राहिली आणि साइमी दोघींनाही 'बाई' म्हणत राहिली. थंडी सुरू झाल्यावर इंपी रोज सकाळी काठावर जाऊन तळ्यात एक खडा टाकायची. डुबुक असा आवाज आला की परत फिरायची. एके सकाळी खडा बुडाला नाही. तो बर्फावरून घरंगळत गेला आणि अख्खे तळे तारेसारखे वाजले. आणखी काही दिवस थांबून, शेजाऱ्याने बर्फाला भोक पाडून त्याची जाडी मोजल्यावर, इंपीने माझा दांडा धरला.

मित्रांनो, तुमच्याकडे बर्फ नसेल, पण माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला पुसून-सजवून ठेवण्यालाच माया समजू नका. तिला कामाला लावा, झिजवा, मोडली तर जोडा. दुसऱ्याची असेल तर त्याला हवी आहे का, ते विचारा. तुमची असेल तर तोंड उघडून मागा. मनातले न बोलता कळत नाही. कळते असे वाटणे हाच सगळा घोटाळा आहे.

आम्ही पलीकडच्या काठाला लागलो, तेव्हा खिडकी बंदच होती. माझ्या पट्ट्या खरखरल्या, पण कुणी ओरडले नाही. इंपी थांबली. तिचा श्वास माझ्या दांड्यावर पडत होता. मग तिने मला वळवले आणि खिडकीखालच्या कडक बर्फावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले. परत आणले. पुन्हा नेले. मी जीव खाऊन खरखरले.

खिडकी उघडली.

"इंपी!" साइमी ओरडली. "अगं, किती उशीर? कॉफी कधीची गार झाली!"

"यायचं होतं गं," इंपी म्हणाली. "मागायलाच उशीर केला मी."

आणि मला उघड्या बर्फात, पायरीपाशी, दोरीशिवाय उभी करून ती आत गेली.