आंब्याखालचा भुईचाफा

खुशालराव माळ्याने त्या साली एक गाढवपणा केला. एकट्यानेच केला असंही नाही, अख्ख्या अमरावतीने केला. दूर अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं, आणि ज्याच्यापाशी टीचभर जमीन होती त्याने तिच्यात सरकी टोचली. खुशालरावाने तर शेवंतीचे वाफेच उपटले. ते वाफे होते त्याच्या बायकोचे, मनकर्णेचे. वीस वर्षं तिनेच ते जोपासले होते.

मनकर्णा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बोलायची थांबली. "जेवाले या" आणि "बैल सुटला", एवढंच काय ते बोलणं उरलं.

वर्ष असंच गेलं तसा खुशालरावाचा जीव कासावीस झाला. बायकोवर त्याची माया होती, फक्त ती बोलून दाखवायची सवय नव्हती. तिच्यासाठी पुन्हा काही फुलवावं, तर मळ्यात कापसावाचून उरलेली जागा एकच, विहिरीजवळच्या आंब्याखालची. तिथे दाट सावली, आणि हा जन्मभर उन्हातल्या फुलांचा माळी. शेवटी आषाढात गाडी जुंपून तो चिखलदऱ्याच्या पायथ्याला, सासुरवाडीला गेला.

मेहुण्याने, सहदेवाने, त्याला रानात नेऊन सावलीतली तीन झाडं दाखवली. पहिला नेचा, त्याला फूल नाही. दुसरी रानहळद, ती पाहून खुशालरावाला भाजीच आठवली. तिसऱ्याची पानं रुंद, खालून जांभळट.

"भुईचाफा हाय, भाऊजी. आमच्या मनकर्णाबाईले लहानपणी याचंच येड होतं," सहदेव म्हणाला. "चैतात कोरड्या भुईतून नुसतं फूल निंगते. पांढरं, मधात जांभळं. पानं मागून येतेत."

तो कसा जपायचा, हे सहदेवाने सांगितलं नाही. माळ्याला काय सांगायचं! खुशालरावानेही विचारलं नाही. माळ्याने काय विचारायचं!

आंब्याखाली, थेट पाटाच्या काठाला त्याने सात कंद लावले. पावसाळाभर पानं माजली. मनकर्णा जाता-येता तिकडे पाही आणि मान वळवी. दसरा झाला, पानं पिवळी पडली आणि बघता बघता भुईसपाट झाली. खुशालराव घाबरला, आणि माळी घाबरला की पाणी घालतो. सकाळी दोन घागरी, संध्याकाळी दोन.

"पानी नोका घालू," मनकर्णा एकदा विहिरीपाशी थांबून म्हणाली.

सव्वा वर्षातलं हे पहिलं जास्तीचं वाक्य, आणि खुशालरावाला वाटलं, हिला झाडच नकोय. त्याने घागर खाली ठेवली. पण मन मानेना. ती देवळात गेली की तो गुपचूप ओतायचा.

माघात त्याने धीर करून भुई उकरली. एकही कंद हाती लागला नाही. सगळे कुजून मातीला मिळाले असं समजून तो आंब्याच्या मुळावर मटकन बसला. शेवंती उपटली ती उपटली, आता हिच्या माहेरचंही मारलं. पन्नाशी उलटलेला तो बाप्या खरोखरीच रडला.

मनकर्णा पाण्याला आली तेव्हाही त्याने डोळे पुसले नाहीत. "म्या मारले वं तुहे भुईचाफे," तो म्हणाला.

ती आल्या पावली घरात गेली आणि राखेने भरलेलं टोपलं घेऊन आली. राखेत सातही कंद होते, कोरडे, टणक.

"पानं गेली का हे झोपते," ती म्हणाली. "झोपलेल्याच्या डोक्यावर कोनी पानी ओतते काय? दिवाळीलेच काढून ठेवले म्या. तुमी तीन महिने रिकाम्या भुईले पानी पाजून राह्यले!"

"मले वाटलं, तुले नकोच हायेत."

"इचारलं काय मंग? शेवंती उपटतानी नाही इचारलं, हे लावतानी नाही इचारलं."

खुशालरावाने टोपल्यातला एक कंद उचलला, तळहातावर धरला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला विचारलं, "कुठं लावू?"

मनकर्णेने बोट दाखवलं. "पाटापासून दूर. इकडं, उंचवट्यावर. अहो, एवढं खोल नाही! जवळजवळ नोका लावू, अंग पसरते ते."

सात कंद लावायला खुशालरावाला दुपार झाली. सहा वेळा त्याने जागा चुकवली. त्यातल्या चार वेळा मुद्दामच, ती अजून बोलावी म्हणून.