क्रमांक चौतीसची मोजणी

प्रयोगशाळेचा नियम साधा होता. नमुन्याच्या काचेवर फक्त क्रमांक, रुग्णाचं नाव झाकलेलं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडे जुळले नाहीत तर एकत्र बसायचं. नियम मोठ्या डॉक्टरांनीच केला होता, त्यामुळे तो मुख्यतः इतरांनी पाळायचा होता.

क्रमांक चौतीसचं नाव झाकून उपयोग नव्हता. त्या दिवशी पाठीवरचा तीळ एकच आला होता, आणि तो डॉक्टरांच्या मेहुण्याचा होता.

त्वचेचा कॅन्सर होता, यात वाद नव्हता. प्रश्न होता वेगाचा. दुभंगायला निघालेल्या पेशी विशिष्ट रंग लावला की तपकिरी दिसतात. शंभरात जितक्या तपकिरी जास्त, तितका आयुष्याचा भरवसा कमी.

डॉक्टरांनी लिहिलं, चार. हाताखालच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, एकवीस.

"सर, तुम्ही कुठे मोजलंत?"

त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालची काच सरकवून दाखवली.

"इथे शुकशुकाट आहे. गर्दी असेल तिथे मोजायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

"गर्दीत जीव गुदमरतो."

"परवापर्यंत नव्हता गुदमरत. कोण आहे चौतीस?"

"बायकोचा भाऊ."

बाईंनी स्टूल पुढे ओढलं. "मी बघते. मी तपकिरी म्हटलं की तुम्ही नुसतं मोजणीयंत्राचं बटण दाबा."

बटण टकटकत राहिलं. शंभरात वीस. डॉक्टरांनी चार खोडून सही केली.

संध्याकाळी ते मेहुण्याकडे गेले. तो शिरगणती खात्यातून निवृत्त झाला होता आणि अजून शेजाऱ्यांची बिऱ्हाडं मोजत असे.

"भाऊजी, तोंड का उतरलंय? बहिणीने हाकललं की काय?"

डॉक्टरांनी सगळं सांगितलं, पहिल्या चारसकट.

मेहुणा म्हणाला, "पहिल्या वर्षी मीही दाट वस्ती टाळून बंगल्यांची आळी मोजली होती. साहेबांनी परत धाडलं. वीस म्हणजे वाईट ना?"

"वेग जास्त आहे. तुझं नेमकं काय होईल, ते आकडा सांगत नाही. पण दर तीन महिन्यांनी तपासणी लागेल. चारच ठेवले असते तर तू वर्षाने उगवला असतास."

"वर्षानेही नसतो आलो."

"म्हणून तर खोडले."

मेहुण्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. "पुढे काही मोजायचं निघालं तर कोण मोजणार?"

"डॉक्टरीणबाई."

"मग सांगा तारीख," तो म्हणाला आणि पेन्सिल शोधू लागला.